कडुलिंबाची जन्मतारीख

वडगव्हाण नगरपंचायतीत आसारामकडे दोन खाती होती. एक जन्म-मृत्यूचं आणि दुसरं झाडांचं. पहिलं त्याला नोकरीबरोबर मिळालं होतं, दुसरं गळ्यात पडलं होतं. दोन वर्षांपूर्वी वरून कागद आला की रस्त्यावरच्या सगळ्या झाडांची गणना करा. तेव्हाच्या साहेबांनी कचेरीभर नजर फिरवली, ती आसारामवर येऊन थांबली. "जन्म-मृत्यू तुमच्याकडंच आहे ना? मग झाडं काय वेगळी आहेत? तीही जन्मतात, तीही मरतात." साहेबांच्या बोलण्यात खोट काढायला जागाच नव्हती. त्या दिवसापासून आसाराम वडगव्हाणचा वृक्ष अधिकारी झाला. पगार तोच, टेबल तेच, फक्त एक रजिस्टर वाढलं.

वडगव्हाण म्हणजे माजलगावहून गेवराईला जाताना लागतं ते. एसटी तिथे पाच मिनिटं थांबते आणि वाहक दहा मिनिटं. गाव लहान असलं तरी झाडं निघाली अकराशे त्रेसष्ट. आसारामने दोन महिने टेप घेऊन एकेका झाडाला मिठी मारली, घेर मोजला, खोडावर पांढऱ्या रंगाने नंबर घातला. सगळं ठीक चाललं होतं, पण फॉर्ममध्ये एक रकाना होता: 'लागवडीचा दिनांक'. आता दुसरा कुणी असता तर त्याने तो रकाना कोरा सोडला असता. पण तीस वर्षं जन्म-मृत्यूच्या खिडकीत बसलेल्या माणसाला कोरा रकाना बघवत नाही. त्याच्या हाताला एक तारीख पाठ होती, ती त्याने घातली. एक जून.

निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस एक जूनला येतो. शाळेत नाव घालताना आईबापाला तारीख ठाऊक नसायची आणि मास्तरांना घाई असायची. आसारामचा जन्मही एक जूनचाच. त्यामुळे झाडांनाही एक जून. आणि साल? साहेब म्हणाले, "दोन हजार पंधरा टाका. त्या साली आपण अकराशे रोपं लावली होती." ती रोपं त्याच साली शेळ्यांनी खाल्ली होती, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. पण गणनेत ती सगळी जिवंत निघाली, साहेबांचा जिल्ह्याला सत्कार झाला आणि त्यांची बदली हवी त्या गावाला झाली. मारुतीच्या पारावरचा वड, ज्याच्या पारंब्यांना आसारामच्या आजाने झोके घेतले होते, तोही वडगव्हाणच्या दप्तरी दहा वर्षांचा पोर झाला.

केलेलं कर्म कुठेतरी उभं राहतंच. आसारामचं ते बसस्टँडच्या चौकात उभं राहिलं, झाड क्रमांक ४१७ म्हणून.

मे महिन्यातल्या एका सकाळी आसाराम खळीची वाटी आणि एक नोटीस घेऊन चौकात आला. झाड क्रमांक ४१७ म्हणजे कडुलिंब. खोड असं की दोन माणसांचे हात पुरत नाहीत, आणि सावली चौकभर. त्या सावलीत दगडाबाई टोपली मांडून बसायची. भाजलेल्या शेंगा, फुटाणे आणि दिवस असतील तशी बोरं नाहीतर कैऱ्या. तरुणपणी तिने पंचवीस हंगाम ऊस तोडला होता, पुढे कंबर बसली तेव्हा तीही इथे येऊन बसली. आसाराम तिला आक्का म्हणायचा.

"आक्का, जरा वाटी धर."

दगडाबाईने वाटी धरली. आसारामने नोटिशीला मागून खळ लावली, खोडावर चिकटवली आणि तळहाताने नीट दाबली.

"काय लिवलंय?"

"काय न्हाई. सरकारी हाय."

"सरकारी हाय म्हंजी वाईट हाय. वाच."

आसारामने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज लहान करून वाचलं: "झाड क्रमांक चारशे सतरा, कडुलिंब, वय दहा वर्षे, हे धोकादायक झाल्याने तोडण्याबाबत अर्ज आला आहे. कुणाची हरकत असल्यास सात दिवसांत लेखी कळवावी."

त्याला वाटलं होतं, 'तोडण्याबाबत' ऐकून आक्का कपाळ बडवून घेईल. पण दगडाबाईला राग आला तो आधीच्या शब्दांचा.

"धा वर्षं? ह्याच्याखाली माझ्या लेकीचं लगीन जमलं. त्या लेकीच्या लेकीलाबी आता लेकरू झालंय. आन ह्यो धा वर्षांचा?"

"रजिस्टरात तसं हाय."

"रजिस्टरात कुनी लिवलं?"

आसाराम वाटीतली खळ ढवळू लागला.

"आदी मला तरणी केलीस, आता ह्यालाबी तरणा केलास!" दगडाबाईचा आवाज एसटीच्या हॉर्नवर गेला. "गावात कुनाला म्हातारं व्हऊ देतोस का न्हाई, मुडद्या?"

यातला पहिला भागही खराच होता. आधार कार्डाचं शिबिर आलं होतं तेव्हा फॉर्म भरायला आसाराम बसला होता. त्याने दगडाबाईला वय विचारलं. ती म्हणाली, "लिही की तुला दिसतंय तसं." बाईमाणसाला जास्त वय लिहिलेलं आवडत नाही, एवढं आसारामला ठाऊक होतं. त्याने भिडेखातर बारा-तेरा वर्षं सोडली आणि लिहिलं, एक जून एकोणीसशे त्र्याहत्तर. त्या भिडेपायी दगडाबाई सरकारच्या हिशेबी अजून बावन्नचीसुद्धा झाली नव्हती आणि म्हातारपणाचं अनुदान मिळतं पासष्टीला. गुडघे गेले, दात गेले, एका डोळ्यात मोतीबिंदू झाला, तरी सरकार म्हणे अजून थांबा. दर सोमवारी ती आसारामच्या खिडकीशी येऊन उभी राहायची आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणायची, "आसाराम, मला म्हातारी कर की रे बाबा!"

झाडाविरुद्ध अर्ज होता उपाध्यक्ष भगवानरावांचा. चौकात त्यांनी दुमजली इमारत बांधली होती. तिच्या माथ्यावर ते दर एक जूनला, म्हणजे स्वतःच्या वाढदिवसाला, वीस फुटी फ्लेक्स लावायचे. (होय, त्यांचीही शाळा तीच आणि मास्तरही तेच.) फ्लेक्सवर भगवानराव हात जोडून उभे असायचे. पण मधे लिंब. एसटीतून उतरणाऱ्याला जोडलेले हात दिसायचे, बूट दिसायचे, चेहऱ्याच्या जागी मात्र हिरवा पाला. गेल्या वर्षी एका पाहुण्याने खरोखर विचारलं, "ह्ये झाड कुनाला नमस्कार घालतंय?" ते भगवानरावांच्या कानावर गेलं आणि लिंब धोकादायक झाला. या एक जूनच्या आत तो जायला हवा होता.

त्यांना घाई इतकी की झाडं तोडणारा सटवा त्यांनी नोटिशीबरोबरच बोलावून ठेवला. परवानगीला आठ दिवस होते. तोवर सटवा करवत घेऊन कुठे बसणार? गावात दुसरीकडे एवढी सावली नव्हती. तो लिंबाच्याच बुंध्याला टेकून बसला आणि उधारीवर दगडाबाईच्या शेंगा खाऊ लागला.

"आक्का, नियम असा हाय," आसाराम खाली बसून समजावू लागला. "झाड पन्नाशीच्या आतलं असलं की हितल्या हितं परवानगी देता येती. पन्नाशी वलांडली की ते वारशाचं झाड. मग ते तोडायचा इचार वर मुंबईला व्हतो."

"मग लिही पन्नास."

"तसं आपल्या मनानं लिहिता येत न्हाई."

"धा कुनाच्या मनानं लिवलंस?"

आसारामला मनापासून लाज वाटली. तीस वर्षांत त्याने एक पैसा कुणाकडून घेतला नव्हता, कुणाला खिडकीवरून हुसकावलं नव्हतं. पण रकाने भरले होते, आणि भरताना कधी विचार केला नव्हता की रकान्याच्या पलीकडे कुणीतरी टोपली मांडून बसलेलं आहे. तो म्हणाला, "आक्का, तू हरकत घे. मी लिहून देतो. उशिरा जन्मनोंद करतात ना, तसंच करू. कुनी लावलं, कवा लावलं, सांग."

"मी लावलं. भात्तरच्या दुष्काळात."

दगडाबाईने सांगितलं ते असं. वडगव्हाणचा हा रस्ताच मुळी दुष्काळी कामावर झालेला. गावोगावच्या बाया खडी फोडायला यायच्या. लेकरं सांभाळायला एक पोर ठेवलेली, ती दगडी, म्हणजे आताची दगडाबाई. तेव्हा ती बारा वर्षांची. उन्हात लेकरं रडायची, म्हणून तिने ओढ्यातून लिंबाचं रोप उपटून आणलं आणि खडीच्या ढिगाशेजारी लावलं. लिंब काही त्या वर्षी सावली देणार नव्हता, पण बारा वर्षांच्या पोरीला एवढं कोण सांगणार.

आसारामने सगळं झोकात लिहून घेतलं आणि शेवटच्या रकान्याशी आला: 'प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार'.

"तवा तिथं कोन व्हतं? जित्तं असलेलं सांग."

दगडाबाईने बोटांवर मोजलं. "सुग्रीव व्हता, तो गेला. भागवत व्हता, त्याला आता लेक वळकू येत न्हाई." मग तिने आसारामकडे बघितलं. "आन तू व्हतास की! पाच-सव्वापाच वर्षांचा. माझ्या मागंमागं फिरायचास शेंबूड वढत."

आसारामचा पेन थांबला.

कारण सेवापुस्तकात आसारामचा जन्म होता एक जून एकोणीसशे सत्तर. आईबाप ऊसतोडीला जायचे, त्यामुळे त्याला शाळेत घातलं तेच नवव्या वर्षी. मास्तरांनी सहा लिहिलं. तीन वर्षं मास्तरांनी दान केली होती आणि आसाराम ती आजवर गुपचूप खात आला होता. दप्तरी तो पंचावन्नला टेकला होता, नोकरीची तीन वर्षं शिल्लक होती. पण दुष्काळात तो पाच वर्षांचा होता असं त्याने सहीनिशी लिहून दिलं, तर तो निघाला अठ्ठावन्नचा. आणि अठ्ठावन्न म्हणजे नारळ आणि शाल.

"मी लहान व्हतो, आक्का. मला काय आठवतंय," असं म्हणून त्याने कागद घडी घालून खिशात ठेवला. दगडाबाईने त्याच्या रुमालात दोन मुठी शेंगा बांधल्या, रोज बांधायची तशाच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढचे सहा दिवस आसारामला जेवण गेलं नाही. सातव्या दिवशी सकाळी चहा पिताना त्याने बायकोला, रुक्मिणीबाईला, सगळं सांगून टाकलं. पोरगी करिष्मा बीडला नर्सिंगला होती, तिची अजून दोन वर्षं राहिली होती. घराला दुसरा आधार नव्हता. रुक्मिणीबाईने सगळं ऐकलं आणि तिला भलतीच गोष्ट लागली.

"म्हंजी तुमी अठ्ठावन्न वर्षांचे?"

"हं."

"लग्नात सासूबाईंनी चोवीस सांगितलं व्हतं!"

"ते शाळेच्या दाखल्यावरनं..."

"एकतीस वर्षं मी तीन वर्षांनी म्हाताऱ्या मानसासंगट संसार केला, आन मला आज कळतंय! माझा बाप सत्तावीसच्या नवऱ्याला पोरगी देनार नव्हता, ठाऊक हाय?"

आसाराम म्हणाला, आता त्याला इलाज नाही. रुक्मिणीबाई कपबशा आपटत आत गेली, मोरीत आपटल्या, बाहेर आली. जरा वेळाने शांत आवाजात म्हणाली, "सासूबाई सांगायच्या, दुष्काळात कामावर सुकडी मिळायची. एवढंएवढं गोड पीठ, मानशी एक मूठ. तुमी आपली खाऊन वर दुसऱ्याची खायचे म्हनं. कुनाची?"

"दगडाक्काची."

"तिच्या वाटची?"

"हं. ती म्हनायची, मला भूक न्हाई."

"मग मला काय इचारताय?" रुक्मिणीबाई म्हणाली आणि त्याचा धुतलेला सदरा आणून खाटेवर टाकला.

त्याच दिवशी आसारामने दगडाबाईच्या हरकतीची साक्षीदाराशिवायची नक्कल कचेरीत दिली; मूळ कागद खिशातच राहिला. आठव्या दिवशी मुख्याधिकारी मनिषा मॅडमच्या दालनात सुनावणी झाली. मॅडम वयाने तरुण, नेमणुकीला चार महिने झालेल्या, आणि फाइल खरोखर वाचायची त्यांना वाईट सवय होती. एका बाजूला भगवानराव बसले, दुसऱ्या बाजूला दगडाबाई टोपलीसकट. दारात सटवा करवत घेऊन उभा. खिडक्यांना गाव लोंबकळत होतं.

भगवानराव तयारीने आले होते. त्यांनी दगडाबाईच्या आधार कार्डाची झेरॉक्स टेबलावर ठेवली. "मॅडम, ही बाई म्हनते झाड भात्तरच्या दुष्काळात लावलं. हिचा जन्म त्र्याहत्तरचा. म्हंजी बाई जन्मायच्या आदी येऊन झाड लावून गेली, आन मग जाऊन जन्मली!"

खिडक्या हसल्या. मॅडमही ओठ दाबून बसल्या. दगडाबाई मात्र उठली आणि तिने तोंड उघडून आत बोट दाखवलं. "बाई, ह्ये दात बघा. बावन्नच्या बाईचे हायती का? आमच्याकडं म्हशीचंबी वय दात बघून ठरवत्यात. मला म्हशीएवढीबी किंमत न्हाई का?"

"बसा आजी," मॅडम म्हणाल्या. "मला सांगा, त्या दुष्काळात प्यायला पाणी नव्हतं. रोप जगलं कसं?"

"त्यात काय? पंधरा-ईस लेकरं सांभाळायचे मी. एकालाबी दुसरीकडं जाऊ द्यायचे न्हाई. सगळ्यांनी रोपाच्या मुळाशीच मुतायचं, असा कायदा व्हता माझा." तिने आसारामकडे बोट केलं. "ह्याची तर पयली पाळी. सकाळी एकदा, दुपारी एकदा. उभा ऱ्हाऊन."

या वेळी मात्र मॅडमचा ओठ सुटला. दालनात असा काही हशा उठला की टेबलावरचे कागद हलले. आसाराम कानापर्यंत लाल झाला. पण कारकून तो कारकून. जबाब लिहायचं काम त्याच्याकडेच होतं, आणि त्याने खाली मान घालून लिहिलं, 'रोपास लहान मुलांकरवी दिवसातून दोन वेळा नियमित ओलावा देण्यात आला.'

"खोटं हाय," भगवानराव म्हणाले. "आसाराम सत्तरचा. दुष्काळात दोन वर्षांचा. दोन वर्षांचं पोर सांगितल्या जागी, सांगितल्या टायमाला जातंय व्हय? माझा नातू दोन वर्षांचा हाय. तो माझ्या मांडीवर जातो."

मुद्दा बिनतोड होता. मॅडमनी आसारामकडे बघितलं. "आसाराम, तुम्हाला यातलं काही आठवतं?"

'नाही' म्हणणं सोपं होतं. दोनच अक्षरं, आणि सहा दिवस त्याने ती पाठ केली होती. पण त्याला आठवत होतं. मूठभर गोड पीठ आठवत होतं, आणि ते त्याच्या ओंजळीत टाकून स्वतः दुसरीकडे बघणारी बारा वर्षांची एक पोरगी. त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला, शेवटच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं, खाली सही केली आणि मॅडमपुढे ठेवला. सही पहिल्यांदाच रकान्याबाहेर गेली.

"आठवतं, मॅडम. मी पाच वर्षं पुरी केलेला होतो. रोप लावताना माती मी लोटली. आणि ते दुसरंही खरं आहे. दोन वेळा." त्याने झाडांचं रजिस्टर पुढे सरकवलं. "रजिस्टरात त्या झाडाचं वय दहा मी लिहिलं. आक्काच्या आधारवरचं सालही मीच लिहिलं. दोन्ही खोटं आहे."

हशा थांबला. मॅडमनी कागद दोनदा वाचला. "याचा अर्थ काय होतो, कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय. मी अठ्ठावन्नचा आहे."

"सेवापुस्तक आणा."

आसारामने स्वतःच कपाट उघडून स्वतःचं सेवापुस्तक आणून दिलं. भगवानरावांचा चेहरा खुलला. एका दगडात दोन पक्षी पडत होते, कारण त्यांचा भाचा कधीपासून जन्म-मृत्यूच्या खिडकीवर डोळा ठेवून होता. "करा मग आजच रिटायर!" ते म्हणाले.

मॅडमनी सेवापुस्तकाचं पहिलं पान बघितलं, मिटलं. "तसं करता येत नाही. सेवापुस्तकातली जन्मतारीख नोकरीच्या अखेरीला बदलता येत नाही, असा नियम आहे. कर्मचाऱ्याने कितीही विनवण्या केल्या तरी नाही. सरकारच्या लेखी आसाराम पंचावन्नचेच."

"मग तर साक्षच बाद! दोन वर्षांचं पोर!"

"भगवानराव, सेवापुस्तक पगार आणि निवृत्तीसाठी असतं. दुष्काळात कोण कुठे लघवीला गेलं, हे त्यात विचारत नाहीत. त्यासाठी हा जबाब आहे, आणि मला तो खरा वाटतो. स्वतःच्या पोटावर पाय देऊन कुणी खोटं बोलत नाही." त्यांनी एका हातात सेवापुस्तक आणि दुसऱ्या हातात झाडाची फाइल धरली. "या दोन फाइली फक्त एका कपाटात ठेवू नका म्हणजे झालं."

आणि त्यांनी तिथेच हुकूम सांगितला. झाड क्रमांक ४१७ दगडाबाईने वयाच्या सुमारे बाराव्या वर्षी सन एकोणीसशे बहात्तरमध्ये लावलं. झाडाचं वय बावन्न, म्हणून ते वारशाचं झाड. अर्ज वरच्या समितीकडे पाठवण्यात यावा. वरच्या समितीकडून उत्तर यायला जेवढा काळ लागतो, तेवढ्यात लिंबाला आणखी एक पन्नाशी लागेल, हे भगवानरावांनाही कळत होतं. दारातला सटवा करवतीला पोतं गुंडाळत म्हणाला, "बरं झालं, मॅडम. मी आठ दिवस त्याच्याच सावलीला बसलो. कापताना बरं वाटलं नसतं." मग दगडाबाईकडे बघून पुटपुटला, "शेंगांचं पुढच्या खेपंला बघू, आजी."

आसारामला आनंद झाला की रडू आलं, त्याचं त्यालाही कळेना. तो नमस्कार करून निघाला तसं मॅडम म्हणाल्या, "थांबा. रजिस्टरमधली बाकीची अकराशे बासष्ट झाडंही एक जूनचीच आहेत ना?"

"हो, मॅडम."

"तुमच्याकडे तीन वर्षं आहेत. एकेका झाडाचं खरं वय शोधायचं. म्हाताऱ्या माणसांना विचारायचं, जबाब घ्यायचे. दिवसाला एक झाड धरलं तरी थोडी उरतील, म्हणजे कधीकधी दिवसाला दोन. रविवारीही काम करावं लागेल."

दगडाबाई हुकुमाची नक्कल घेऊन सरकारी दवाखान्यात गेली. तिथल्याच डॉक्टरांनी तिला तीनदा परत पाठवलं होतं. आता नकलेवरचा गोल शिक्का बघितल्यावर त्यांना तिच्या दातांत लगेच पासष्ट वर्षं दिसली आणि त्यांनी वयाचा दाखला लिहून दिला. त्या सोमवारी ती खिडकीशी आली आणि रांगेला ऐकू जाईल असं ओरडली, "आसाराम, झाले रे बाबा म्हातारी!" रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

एक जूनला भगवानरावांचा फ्लेक्स लागला. हात दिसत होते, बूट दिसत होते.

त्याच सकाळी आसाराम नवं रजिस्टर घेऊन लिंबाखाली येऊन बसला. पहिली नोंद याचीच करायची, असं त्याने ठरवलं होतं. झाड: कडुलिंब. लावणाऱ्याचं नाव: दगडाबाई. साल: १९७२. मग तो रकाना आला आणि त्याचा हात सवयीने 'एक' लिहायला गेला. त्याने हात मागे घेतला.

"आक्का, तारीख कोनती लिहू?"

दगडाबाईने आठवून बघितलं. "तारीख कुनाला ठाव असायची रं तवा? दिवाळी झाली व्हती, पर घरात काय केलं नव्हतं. त्या दिवशी सुकडीबी कमी आलती. तू लई रडलास. मी म्हनलं, चल, आपुन झाड लावू. तवा गप झालास."

आसारामला वाटलं होतं, झाड सावलीसाठी लावलं. ते तर त्याला गप करायला लावलं होतं. त्याचे डोळे भरून आले आणि ते त्याने पुसलेही नाहीत. नोकरीत पहिल्यांदाच त्याने तारखेचा रकाना कोरा सोडला. शेजारच्या शेऱ्याच्या रकान्यात मात्र बारीक अक्षरात लिहिलं: 'ज्या दिवशी सुकडी कमी आली त्या दिवशी.'

"किती झाडं ऱ्हायली?" दगडाबाईने विचारलं.

"अकराशे बासष्ट."

"बस मग राबत. मी झाले म्हातारी, ह्यो झाला म्हातारा, तूच एकटा तरणा ऱ्हायलास." तिने टोपलीतून शेंगांची ओंजळ भरली आणि त्याच्यापुढे धरली. "खा. उन्हात हिंडायचं हाय."

आसाराम म्हणाला, "तू खा आक्का, मला भूक न्हाई."

दगडाबाईने त्याच्याकडे नीट बघितलं, आणि बोळकं उघडून ती इतकी हसली की एसटीतून उतरणारे लोक वळून बघू लागले. "ह्ये माझं वाक्य हाय," ती म्हणाली, आणि शेंगा त्याच्या खिशात कोंबल्या.